सुताच्या गोदामातील चित्रकारांना कायदेशीर जागा मिळावी

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

गेल्या काही आठवड्यांपासून आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात सोलापूर शहरातील बंद गिरण्या, मोडीत निघालेले यंत्रमाग कारखाने आणि जुनी गोदामे यांचे पुढे काय करावे, याविषयी वाचक आपापली मते मांडत आहेत. कोणी तेथे वाहनतळ सुचविला आहे, कोणी व्यापारी संकुल, आणि एका वाचकाने तर ही गोदामे वर्षानुवर्षे ओसाड असल्यामुळे सरसकट पाडून टाकावीत, असे कळविले आहे. पूर्व भागातील अशाच एका गोदामात मी गेली अकरा वर्षे रोज चित्रे रंगवीत आहे आणि माझ्याबरोबर आणखी सहा जण तेथे काम करतात. दर्शनी बाजूला पाटी नाही आणि दाराचा रंग उडालेला आहे, त्यामुळे बाहेरून पाहणाऱ्याला ती वास्तू ओसाड वाटत असेल, हे मी समजू शकतो. परंतु आत काय चालते हे कोणी सांगितल्याशिवाय या चर्चेत आमची बाजू येणारच नाही, म्हणून हे पत्र जरा विस्ताराने लिहीत आहे.

आमचे गोदाम साखर पेठेच्या अंगाला एका बोळात आहे. पुढच्या अर्ध्या भागात पूर्वी सुताचे गठ्ठे रचलेले असत आणि मागच्या अर्ध्या भागात बारा माग चालत. माग भंगारात गेले. मात्र ते जेथे बसविले होते तेथे फरशीतून लोखंडी बोल्ट अजून वर आलेले आहेत आणि आमच्यापैकी तिघांनी चित्र टेकवून ठेवायच्या आपल्या ईझलचे पाय त्यांनाच बांधून टाकले आहेत. मागच्या भागाचे छप्पर करवतीच्या दातांसारखे आहे. एकेका दाताची उभी बाजू उत्तरेकडे आणि तिला काचा. विणणाऱ्याच्या डोळ्यांवर उन्हाची तिरीप न येता त्याला तुटलेला धागा दिसावा, म्हणून गिरण्यांमध्ये अशी छपरे घालीत असत आणि तीच पद्धत या कारखान्याच्या मूळ मालकांनी उचलली असावी. चित्रकारालाही नेमका हाच उजेड लागतो. उत्तरेकडून येणारा उजेड सकाळी नऊपासून दुपारी चारपर्यंत फारसा बदलत नाही, त्यामुळे सकाळी कालवलेला करडा रंग दुपारीही करडाच दिसतो. सोलापूरला मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत मात्र सूर्य माथ्यावरून थोडा उत्तरेला सरकतो आणि भर दुपारी ऊन त्या काचांतून सरळ आत उतरते. तेवढे अडीच महिने आम्ही काचांना आतून मांजरपाटाचे पडदे लावतो. असा उजेड विकत मिळत नाही. नव्या इमारतीतील दहा बाय बाराच्या गाळ्यात तो कितीही दिवे लावले तरी येत नाही.

आमच्याकडे ‘पेंटर’ आणि ‘चित्रकार’ हे दोन शब्द दोन वेगळ्या माणसांसाठी वापरले जातात, आणि त्या दोघांना एका छताखाली आणले ते या गोदामाने. आमच्यातील सर्वांत ज्येष्ठ अडुसष्ट वर्षांचे आहेत. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो. त्यांनी चाळीस वर्षे दुकानांच्या पाट्या रंगविल्या. मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू या चारही लिपींत एकसारख्या सफाईने पाटी लिहिणारे पेंटर या गावात एकेकाळी बरेच होते, कारण गिऱ्हाईकच चार भाषांचे होते. फ्लेक्स आले आणि दोन-तीन वर्षांत त्यांच्या हातचे काम गेले. मामा खारीच्या केसांचा लांब ब्रश इनॅमल रंगात बुडवून, डाव्या हातातल्या काठीवर उजवे मनगट टेकवून, उर्दूची ओळ उजवीकडून ओढायला घेतात तेव्हा अक्षर संपेपर्यंत श्वास रोखून धरतात. मी चित्रकलेची पदविका घेतली आहे, पण हात न उचलता चार फूट लांबीची रेषा एका जाडीने कशी ओढावी, हे मला कोणत्याही वर्गात नव्हे, तर मामांकडे शिकायला मिळाले. पंढरपुरात १९१५ साली जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांनी मुंबईत सिनेमाची मोठमोठी फलके रंगवून पोट भरले आणि त्याच हाताने पुढे जगभर नाव झालेली चित्रे काढली. आपल्या जिल्ह्यात जन्मलेल्या इतक्या मोठ्या चित्रकाराची सुरुवात पेंटर म्हणून झाली होती, याची आठवण आपल्या गावाने ठेवायला हवी, असे मला मनापासून वाटते.

गोदामातील सर्वांत धाकटी मुलगी पुण्याहून जी. डी. आर्ट ही चित्रकलेची पदविका घेऊन परत आली. तिच्या घरी दोन खोल्यांत सहा माणसे राहतात आणि आई दिवसभर विड्या वळते. तेलरंगाबरोबर वापरावे लागणारे टर्पेंटाइन घरात उघडले की त्याचा वास पानाला आणि तंबाखूला लागतो, आणि वास लागलेल्या विड्या कारखान्यात नाकारल्या तर दिवसाची मजुरी बुडते. मुलीने एक-दोनदा प्रयत्न करून पाहिला आणि नंतर सहा महिने ब्रश हातात घेतला नाही. घरातच का रंगवत नाही, असे आम्हाला नेहमी विचारले जाते. पूर्व भागातील घरे ज्यांनी आतून पाहिली आहेत, ते हा प्रश्न विचारणार नाहीत. आज ती पाच फूट बाय सात फुटांच्या कॅनव्हासवर आपल्या गल्लीतील विडी वळणाऱ्या बायका रंगवीत आहे. त्यांच्या मांडीवरची सुपे आणि भराभर चालणारी बोटे तिने ज्या जवळिकीने रंगविली आहेत, ती बाहेरच्या चित्रकाराला साधणे कठीण आहे.

कामाचा त्रासही सांगितला पाहिजे. बोळाच्या पलीकडे अजून आठ माग चालतात आणि त्यांची रुई वाऱ्याबरोबर आमच्या खिडक्यांतून आत येते. तेलरंग वाळायला कित्येक दिवस लागतात. संध्याकाळी रंगविलेले आकाश सकाळी पाहावे तर त्यावर पांढरे, केसाहून बारीक तंतू चिकटलेले असतात. ते चिमट्याने एकेक करून उचलावे लागतात, आणि घाई केली तर तंतूबरोबर रंगाचा पापुद्राही येतो. एका चित्रात सिद्धेश्वर तलावाच्या पाण्यावर बसलेले असे तंतू मी शेवटी काढलेच नाहीत; जवळून पाहिले तर ते आजही दिसतात. उन्हाळ्यात पारा ४३ अंशांवर गेला की पत्र्याखाली ॲक्रिलिक रंग पॅलेटवर पाच मिनिटांत कातड्यासारखा होतो. तेव्हा आम्ही पॅलेटखाली ओले फडके घालतो, पहाटे सहाला येतो, अकराला थांबतो आणि पुन्हा संध्याकाळी पाचला सुरुवात करतो. तयार कॅनव्हास परवडत नाही, म्हणून याच गावातला मांजरपाट चौकटीवर ताणून, त्यावर सरसाचा हात आणि मग पांढऱ्या अस्तराचे तीन हात देऊन आम्ही तो स्वतः करतो. चौकटीवर कापड ताणायला दोन माणसे लागतात. एकट्याने ताणले तर एका कोपऱ्यात सुरकुती राहते आणि ती पुढे कधीच जात नाही. एकत्र काम करण्याचा उपयोग अशा अगदी साध्या गोष्टींपासून सुरू होतो. डब्यातली कडक भाकरी आणि शेंगा चटणी दुपारी सगळे मिळून खातो, आणि त्या अर्ध्या तासात एकमेकांच्या चित्रांविषयी जे स्पष्ट बोलले जाते, तसे बोलणारे माणूस घरात एकट्याने रंगविणाऱ्याला मिळत नाही.

आम्ही पोट कसे भरतो, हाही प्रश्न येतो. माझी स्वतःची वर्षाला तीन-चार चित्रे विकली जातात आणि तेवढ्यावर घर चालत नाही. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांच्या मुलांचे वर्ग घेतो, फोटोवरून घरातल्या मयत माणसांची व्यक्तिचित्रे करून देतो आणि गणपतीच्या आधीचे दीड-दोन महिने मूर्तींच्या डोळ्यांच्या आखणीला जातो. इतरांचेही थोड्याफार फरकाने असेच आहे. गोदामाचे भाडे महिन्याला सात हजार रुपये आहे आणि ते आम्ही डोईला हजार याप्रमाणे, एकाही महिन्याची थकबाकी न ठेवता भरलेले आहे.

या शहरात कापड आणि चित्रकला यांचे नाते फार जुने आहे, पण ते बोलून दाखविले जात नाही. १८७७ साली आपल्याकडे जुनी गिरणी सुरू झाली, मागाहून इतर गिरण्या उभ्या राहिल्या, त्या बंद पडल्यावरही यंत्रमागांनी गाव तगवून धरले आणि सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळाले. त्या चादरीवरचा मोर, कमळ किंवा वेलबुट्टी आधी कोणीतरी कागदावर रंगविलेली असते. माझे वडील हेच काम करीत. चौकटीचौकटींच्या मोठ्या ग्राफ कागदावर ते बारीक ब्रशने एकेक चौकोन भरीत. एक चौकोन म्हणजे उभ्या आणि आडव्या धाग्याची एक गाठभेट. कागदावरच्या प्रत्येक आडव्या ओळीप्रमाणे पुठ्ठ्याच्या पट्टीवर भोके पाडली जात, त्या पट्ट्या एकमेकींना शिवून जेकार्डवर, म्हणजे मागावरच्या नक्षी विणणाऱ्या यंत्रावर, चढवीत, आणि भोक असेल तेथला धागा उचलला जाऊन नक्षी विणली जात असे. एका चौकोनाची चूक झाली तर मोराच्या मानेत तीच चूक प्रत्येक चादरीवर उमटत असे, म्हणून वडील रात्री कंदिलाजवळ कागद धरून पुन्हा पुन्हा मोजीत. आता हे काम संगणकावर होते आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. मात्र हाताने रंगविलेले ते ग्राफ गावभर रद्दीत गेले. वडिलांच्या पेटीतले आणि बंद पडलेल्या कारखान्यांतून आम्ही मागून आणलेले असे दोनशेच्या आसपास कागद आज आमच्या गोदामात, माळ्यावर, उंदरांपासून वाचवून ठेवलेले आहेत. गोदाम गेले तर ते कोठे ठेवायचे, याचे उत्तर माझ्याकडे नाही.

रिकाम्या गोदामांत चित्रकार जाऊन बसणे ही काही आम्हीच काढलेली नवी गोष्ट नाही. न्यूयॉर्कच्या सोहो भागात कारखाने आणि वखारी रिकाम्या पडल्यावर, साठच्या दशकात, चित्रकार आणि शिल्पकार तेथे भाड्याने जाऊ लागले. जागा मोठी, भाडे कमी आणि उंच खिडक्यांतून भरपूर उजेड, ही कारणे आमच्यासारखीच होती. त्या वस्तीतून मोठा महामार्ग काढण्याचा बेत होता, तो लोकांच्या विरोधामुळे १९६९ मध्ये मागे पडला. औद्योगिक जागेत राहण्यास कायद्याने मनाई होती, तरीही आग लागल्यास आत माणूस आहे हे अग्निशामक दलाला कळावे म्हणून १९६१ पासूनच दारावर ‘ए. आय. आर.’ म्हणजे आत कलावंत राहतो, अशी पाटी लावण्याची सोय करण्यात आली होती. १९७१ साली तेथील महापालिकेने जमीनवापराचे नियम बदलून कलावंतांना तेथे राहणे आणि काम करणे रीतसर मोकळे केले. पुढे त्या भागाला नाव मिळाले, दुकाने आणि श्रीमंत रहिवासी आले, भाडी चढली आणि ज्यांच्या नावावर जागा नव्हती अशा बहुतेक कलावंतांना तेथून निघावे लागले. ज्यांनी आधीच सहकारी तत्त्वावर इमारती घेतल्या होत्या, त्यांच्यापैकी बरेच टिकले. आपल्या देशात याहून जवळचे उदाहरण चोळमंडलचे आहे. चित्रकार के. सी. एस. पणिक्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ साली मद्रासजवळ समुद्रकाठी जमीन घेऊन कलावंतांचे गाव वसविले, आणि त्यासाठी लागणारा पैसा त्यांनी बाटिकसारख्या हस्तकलेच्या वस्तू विकून स्वतः उभा केला. कोचीत मसाले आणि नारळाच्या काथ्याचा व्यापार जेथून चाले, त्या ॲस्पिनवॉल हाऊसच्या जुन्या वखारींत २०१२ पासून मोठे कलाप्रदर्शन भरते आणि ते पाहण्यासाठी दूरदूरहून लोक येतात. आम्हाला प्रदर्शनाच्या झगमगाटापेक्षा वर्षभर काम करण्याची जागा हवी आहे. पण जुन्या वखारीचा उपयोग कसा होऊ शकतो, हे कोचीने दाखविले आहे.

याच विषयाची दुसरी बाजू लपविणे मला योग्य वाटत नाही. अमेरिकेतील ओकलंड शहरात कलावंतांनी वापरात आणलेल्या एका गोदामाला २ डिसेंबर २०१६ च्या रात्री संगीताच्या कार्यक्रमाच्या वेळी आग लागली आणि ३६ माणसे गेली. आत राहण्याची परवानगी नव्हती, बाहेर पडण्याच्या वाटा अडचणीच्या होत्या. ती बातमी वाचली तेव्हा मी आमच्या गोदामात उभा राहून चारी बाजूंना पाहिले. टर्पेंटाइनचे डबे, जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या, कोपऱ्याकोपऱ्यांत साठलेली रुई, मागांच्या काळातले जुने वायरिंग आणि सगळ्यांना मिळून एकच दार. तेलाच्या चिंध्या बोळा करून टाकल्या तर त्या आपोआप तापून पेटू शकतात, हे अनेक चित्रकारांना ठाऊक नसते. त्या दिवसापासून आम्ही त्या पाण्याच्या झाकणबंद डब्यात टाकतो, आणि रात्री कोणीही आत थांबत नाही. दोन अग्निशामक नळकांडी आम्ही वर्गणीतून घेतली. भिंतीत दुसरे दार काढणे आणि वायरिंग बदलणे मात्र भाडेकरूच्या हातात नसते.

आता आमची अडचण सांगतो. मूळ मालक वारले. त्यांच्या वारसांनी जागा विकण्याचे ठरविले असून आम्हाला मार्चअखेरपर्यंत गोदाम रिकामे करण्यास लेखी कळविले आहे. त्यांच्यावर माझा राग नाही. मालमत्ता त्यांची आहे आणि अकरा वर्षांत त्यांनी भाडे एकदाच वाढविले. खरा त्रास दुसरीकडे आहे. आमच्याकडे भाडेकरार नाही, पावत्या साध्या कागदावर आहेत, आणि माग गेल्यावर यंत्रमागाचा सवलतीचा वीजदर जाऊन व्यापारी दर लागू झाला. पर्यायी जागेसाठी मी एका कार्यालयात अर्ज घेऊन गेलो, तर व्यवसायाच्या रकान्यात बसविता येईल असे आमचे काम नाही, असे मला सांगण्यात आले. कारखाना म्हणावा तर यंत्र नाही, दुकान म्हणावे तर रोजची विक्री नाही, शिकवणी म्हणावी तर वर्ग आठवड्यातून दोनच दिवस. पाच महिने तीन टेबलांवर फिरून तो अर्ज शेरा न मारता माझ्याकडे परत आला. ज्याने हयातभर हेच काम केले, त्याला आपले काम कागदावर कशातच मोडत नाही असे ऐकावे लागते, तेव्हा फार लागते.

म्हणून माझी महापालिकेला आपल्या दैनिकाद्वारे विनंती आहे. २०१६ साली स्मार्ट सिटीच्या पहिल्याच यादीत आपल्या शहराची निवड झाली आणि भिंती रंगविण्यासारखी सुशोभनाची कामे लोकांनी पाहिली. भिंत रंगवायला आम्ही आनंदाने येऊ, पण भिंत चार दिवसांत रंगवून होते आणि पाचव्या दिवशी चित्रकार पुन्हा जागेच्या शोधात असतो. महापालिकेच्या ताब्यात वापराविना पडलेली एखादी जुनी वखार किंवा शेड असेल, तर ती कलावंतांच्या नोंदणीकृत सहकारी संस्थेला निदान दहा वर्षांच्या कराराने, वाजवी भाडे घेऊन द्यावी. फुकट जागा आम्ही मागत नाही. ती देताना अग्निशामक विभागाने आधी पाहणी करावी, दुसरे दार आणि वायरिंग यांची अट घालावी, आणि ती अट पूर्ण झाल्याशिवाय आम्हाला आत पाऊल टाकू देऊ नये. जेथे जुने कारखाने पाडून नवे संकुल उभे राहणार आहे, तेथेही परवानगी देताना करवतीच्या छपराचा एखादा भाग राखून ठेवता येईल का, हे पाहावे; तसा उजेड देणारी बांधणी आता आपल्याकडे सहसा कोणी करीत नाही, आणि एकदा पत्रे उतरले की ती परत येत नाही. आमच्याकडून आम्ही दर रविवारी सकाळी पूर्व भागातील मुलांसाठी विनामूल्य वर्ग चालवू आणि चादरींचे जुने ग्राफ कोणालाही पाहता येतील असे मांडून ठेवू, हे लेखी द्यायला तयार आहोत.

दहा वर्षांची मुदत का मागतो, तेही सांगतो. विडी वळणाऱ्या बायकांचे ते चित्र त्या मुलीने चौदा महिन्यांपूर्वी सुरू केले आणि अजून निम्मे बाकी आहे. अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर अशी चित्रे होत नाहीत. तेवढ्या मुदतीत माणूस लहान, पटकन वाळणारे आणि काखेत मारून नेता येईल असेच काम करायला शिकतो. आमच्यातले दोन जण असेच हळूहळू लहान चित्रांवर आले, नंतर पुण्याला गेले, आणि आता दुसऱ्याच नोकऱ्या करतात. त्यांच्यापैकी एकाच्या हातात जलरंगाची जी ताकद होती, ती मी या गावात पुन्हा पाहिलेली नाही.

मार्चअखेरपर्यंत आम्ही तेथेच आहोत. महापालिकेचे पदाधिकारी, अधिकारी किंवा गोदामे पाडण्याविषयी ज्या वाचकांनी लिहिले ते, कोणालाही यावेसे वाटल्यास त्यांनी सकाळी नऊनंतर यावे. आमच्यापर्यंत पोहोचण्याचा पत्ता मी आपल्या कार्यालयात देऊन ठेवला आहे. बोळ अरुंद असल्यामुळे वाहन मुख्य रस्त्यावरच लावावे लागेल. मामा आठ वाजताच येऊन दार उघडतात आणि माळ्यावरचे ग्राफ उतरवून दाखवायला त्यांना मदतीचा एक हात लागेल.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक चित्रकार, सोलापूर